चष्मा सुटेल म्हणाले, पण आतला पडदा कुणी तपासलाच नाही

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. अजूनही संध्याकाळी ती जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपत उतरते. समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडी दिसतात, म्हणून अंधार पडल्यावर बाहेर जाणं तिनं सोडलंय. हे दुसऱ्या कुणाच्या आईवर येऊ नये, म्हणून लिहितोय.

गावात तपासणी शिबिर झालं, तिथून आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर बाईंनी गाठलं. "आजी, साधी लेन्स टाकली तर वाचायला चष्मा लागणारच. मल्टिफोकल टाका, पोथी वाचाल, दूरचंही दिसेल. बाहेर पन्नास-साठ हजार घेतात, शिबिराच्या पेशंटला 22 हजार. पण आजच ठरवावं लागेल." मी पैसे भरले. दुसऱ्या डोळ्याचे 8 हजार आगाऊ दिले, ते आजतागायत परत मिळालेले नाहीत.

आईला अठरा वर्षं साखर आहे. केसपेपरवर पहिल्याच ओळीत ते लिहिलेलं होतं. तरी लेन्सचा नंबर काढण्यापलीकडे काही तपासलं नाही. आतल्या पडद्याचा ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा फोटो, काढावा लागतो, हे आम्हाला कुठे ठाऊक!

पट्टी काढल्यावर दूरचं बरं दिसत होतं. पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "अरे, तांदळातला खडाच दिसत नाही मला." पांढऱ्यात पांढरं वेगळं ओळखूच येईना. दवाखान्यात म्हणाले, मेंदूला सवय व्हायला काही महिने लागतात. सवयीला वेळ लागतो हे खरं आहे, म्हणून आम्ही गप्प बसलो. पाचव्या महिन्यात म्हणाले, लेन्समागे जाळी आलीय, लेझर करून टाकू.

त्याआधी मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, ही एकच गोष्ट आम्ही शहाणपणाची केली. त्यांनी बाहुली मोठी करून पाहिलं, ओसीटी काढला आणि समजावून सांगितलं. मल्टिफोकल लेन्सवर गोल कडी असतात, त्या डोळ्यात येणारा उजेड दूरच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देतात. पडदा निरोगी असला तर तो एवढं निभावून नेतो. आईच्या पडद्याला नेमकी मधोमध, जिथून आपण वाचतो तिथेच, साखरेमुळे सूज होती. आधीच अधू पडदा, त्यात उजेडाची वाटणी. आणि लेन्स ज्या पिशवीत बसवलेली असते, तिची मागची बाजू लेझरने उघडली असती, तर पुढे लेन्स बदलणं फार जोखमीचं झालं असतं.

कमी पैशात केलं म्हणून असं झालं, असं कुणी समजू नये. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 1992 मध्ये ऑरोलॅब काढली ती स्वस्त लेन्स बनवायलाच, आणि साध्या मोनोफोकल लेन्सवर असंख्य गरीब माणसं आज नीट बघतात. आईलाही तीच चालली असती, वाचताना फक्त चष्मा लागला असता. आम्हाला फसवलं ते न तपासता महाग वस्तू गळ्यात मारून. साखर, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल, रात्री गाडी चालवायची असेल, तर मल्टिफोकलला हो म्हणण्याआधी ओसीटी मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. "आजच ठरवा" म्हणाले तर सरळ घरी या.

डिस्चार्जच्या वेळी लेन्सच्या डबीवरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर आणि मुदत असते. आमच्या कार्डावर पेनाने नुसतं "मल्टिफोकल" लिहिलं होतं. पेशंटने कागद मागितले तर 72 तासांत द्यावे लागतात, असा मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत उल्लेख आहे. तोंडी मागून काही झालं नाही. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा फाइल मिळाली. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आमचे कागद वकिलांकडे आहेत.

आईच्या पडद्याची सूज उतरावी म्हणून डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, दोन झाली. लेन्स काढायची की राहू द्यायची, ते तिसऱ्यानंतर ठरेल. तोवर तांदूळ मी निवडतो.