कोथरूडमधील एक घरगुती पाळणाघर : आग लागल्यास मुले बाहेर कशी येतील?

माझी दीड वर्षाची मुलगी गेल्या सात महिन्यांपासून कोथरूडमधील एका घरगुती पाळणाघरात जाते. तिथल्या जेवणाबद्दल, स्वच्छतेबद्दल आणि मावशींच्या मायेबद्दल इतर पालक भरभरून सांगतील आणि ते सारे खरेच आहे. मला मात्र येथे एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे : त्या घरात आग लागली, तर तेथील नऊ मुले बाहेर कशी येतील? काही उणिवाही नोंदवायच्या असल्यामुळे पाळणाघराचे नाव देत नाही.

हे पाळणाघर चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या सदनिकेत चालते. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत समजली जाते. ही त्याहून बुटकी आहे आणि येथे आग विझवण्यासाठीचा पंप नाही की प्रत्येक मजल्यावर पाण्याची नळी नाही. जिना एकच आहे. त्यामुळे सगळी भिस्त त्या जिन्यावर आणि घरात त्या वेळी हजर असलेल्या मोठ्या माणसांच्या हातांवर आहे. हात हा शब्द मी शब्दशः वापरते आहे, कारण नऊपैकी तीन बाळांना चालता येत नाही, माझी मुलगी जिना उतरू शकत नाही आणि एक बाई एका वेळी फार तर दोन बाळे उचलू शकते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली, तेव्हापासून स्वतःच्या पायांनी बाहेर येऊ न शकणाऱ्या जिवांचा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी मी आणखी दोन पाळणाघरे पाहिली होती. त्यांपैकी एकात मुले पळून जाऊ नयेत म्हणून सेफ्टी डोअरला आतून कुलूप लावलेले होते आणि किल्ली कुठे आहे, हे तिथल्या मावशींना लगेच सांगता आले नाही. येथे तसे नाही. दाराला मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी आहे आणि ती किल्लीविना एका हाताने उघडते. माझ्या मते हीच या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

स्वयंपाकघराची व्यवस्थाही नीट विचार करून केलेली आहे. कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुलांचा बळी घेणारी आग स्वयंपाकाच्या जागेतूनच पसरली होती, त्यामुळे मी येथे सर्वाधिक वेळ घालवला. मुले घरात असताना शेगडीवर फक्त दूध आणि खिमट गरम होते, तळण होत नाही. काम संपले की रेग्युलेटरही बंद केला जातो. गॅसची रबरी नळी आयएसआय चिन्हाची असून तिच्यावरील तारीख पाच वर्षांच्या आतली आहे. स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी आडोसा आहे. मात्र त्याला लागूनच मुलांची गादी घातली जात असे. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस (एलपीजी) हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो आणि आधी पोहोचतो तो खाली झोपलेल्या मुलांपाशीच. हे सांगताच पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी गादी त्याच दिवशी हलवली. गळतीचा वास आला तर दिवा, पंखा, कोणतेही बटण दाबायचे नाही, हे दोन्ही मावशींना न विचारताही माहीत होते.

आग विझवण्याचे दोन किलोचे एबीसी पावडरचे (घन, द्रव आणि वायू अशा तिन्हींच्या आगीवर चालणारे) सिलिंडर मुख्य दाराजवळ टांगलेले आहे. ते शेगडीशेजारी नसावे हेच योग्य, कारण पेटलेल्या ओट्याकडे जाऊन ते काढणे शक्य होत नाही. दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात होता, पण ते पडद्याआड असल्याने नव्या मावशींना ठाऊकच नव्हते. आता पडदा बाजूला सारला आहे.

आता आग लागल्यास बाहेर पडण्याच्या तालमीबद्दल. काकूंनी एका जाड दोरीला कापडी कड्या शिवल्या आहेत. चालणारी मुले एकेक कडी धरून झुकझुक गाडीसारखी निघतात. बाळांसाठी त्यांनी जुन्या सुती साडीची मजबूत झोळी केली आहे. ती गळ्यात अडकवली की एक बाळ छातीशी आणि दुसरे कडेवर घेता येते. हजेरीची वही, तिच्यात सर्व पालकांचे फोन नंबर लिहून, दाराजवळच्या खिळ्यावर असते, कारण घाईत मोबाइल आत राहू शकतो. सकाळी अकराच्या तालमीत सगळी मुले दोन मिनिटांच्या आत खाली आली. मी मनापासून कौतुक केले आणि मग विचारले की दुपारी अडीच वाजता काय होईल? त्या वेळी मुले झोपलेली असतात, काकू बँकेच्या वा बाजाराच्या कामाला जातात आणि एक मावशी जेवायला घरी गेलेली असते.

काकूंना प्रश्न आवडला नाही, पण त्यांनी तो टाळलाही नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुपारची तालीम घेतली. सहा मिनिटे लागली. आतल्या खोलीत झोपलेला तीन वर्षांचा मुलगा शिट्टीला घाबरून पलंगाखाली जाऊन बसला होता आणि खाली उतरून हजेरी घेतल्यावरच तो नसल्याचे कळले. धूर वर साठत जातो म्हणून मोठ्यांना खाली वाकूनच शोधावे लागते आणि एकट्या बाईने गळ्यात बाळ घेऊन ते कसे करावे, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. त्या दिवसापासून सगळी मुले दाराजवळच्या हॉलमध्येच झोपतात, पलंगाखालच्या जागेत पेट्या सरकवल्या आहेत आणि दुपारी एक ते चार दोन मोठी माणसे घरात असतीलच, असे काकूंनी पालकांना लेखी दिले आहे. यासाठी महिन्याचे शुल्क पाचशे रुपयांनी वाढले. मला ते पूर्णपणे रास्त वाटते.

मुलांना जमवण्याची जागा आधी सोसायटीचे फाटक होते. अग्निशमन दलाची गाडी तिथूनच आत येणार, म्हणून ती आता समोरच्या गणपती मंदिराचा कट्टा अशी ठरवली आहे. १०१ हा क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, त्याखाली इमारतीचा पत्ता खुणेसह दिला आहे, म्हणजे गोंधळलेल्या माणसालाही तो वाचून सांगता येईल.

दोन गोष्टी अजून बाकी आहेत. जिन्यात पहिल्या मजल्यावर चपलांचे रॅक असते, दोन सायकलीही होत्या, शिवाय तळाशी मीटरच्या पेटीला लागून एक इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली असते. हा दोष पाळणाघराचा नसला तरी मुलांचा एकमेव रस्ता तोच आहे. काकूंनी आणि आम्ही पाच पालकांनी सोसायटीला पत्र दिले असून सायकली हलल्या आहेत, स्कूटर हललेली नाही. दुसरे म्हणजे सर्व खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या आहेत. जिना धुराने भरला तर अग्निशमन दलाला शिडीवरून मुले काढता यावीत, यासाठी हॉलच्या जाळीत आतून उघडणारी झडप करून घेण्याचे ठरले आहे. लोहार माप घेऊन गेला आहे, झडप मात्र अजून बसलेली नाही, आणि ती बसेपर्यंत मी या पाळणाघराला पाचपैकी चारच गुण देईन.