फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठीचे जॅकेट: उपयोगी, पण एकट्याने अपुरे

फटाक्यांच्या भीतीवर उपाय म्हणून विकले जाणारे, छाती व पोटाभोवती घट्ट बसणारे जॅकेट आमच्या कुत्रीसाठी वापरले, आणि ते उपयोगी असले तरी केवळ त्यावर भिस्त ठेवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कापड ताणले जाणारे व हवेशीर आहे. मात्र चिकटपट्टी उघडताना होणारा चर्रकन आवाज आधीच बिथरलेल्या जनावराला आणखी दचकवतो, याचा विचार उत्पादकाने करायलाच हवा होता. त्यामुळे फटाके सुरू होण्यापूर्वीच, खाऊ देत ते चढवावे आणि आत दोन बोटे सहज सरकतील इतकेच आवळावे.

जॅकेट घातल्यावर तिचे धापा टाकणे व येरझाऱ्या घालणे कमी झाले, परंतु शेपूट पायांत घालून ती कोपऱ्यातच बसून राहिली, आणि निपचित बसणे म्हणजे शांत होणे नव्हे. खिडक्या बंद करून पडदे ओढले, पंख्याचा एकसुरी आवाज चालू ठेवला आणि शेजारी बसून पाठीवरून हात फिरवला, तेव्हाच ती आडवी झाली. (जवळ घेतल्याने कुत्र्याची भीती बळावते, हा समज निराधार आहे.)

ज्यांचे कुत्रे दारे ओरबाडते किंवा पळून जाऊ पाहते, त्यांनी जॅकेट घेण्याआधी पशुवैद्यांना भेटावे. नुसती गुंगी आणणाऱ्या ॲसेप्रोमाझीनने शरीर सुस्तावते, भीती तशीच राहते. याउलट गाल व हिरडीच्या मध्ये लावायची डेक्समेडेटोमिडीन जेल खास आवाजाच्या भीतीसाठीच आहे.