ठाण्यातल्या तलावपाळीजवळचा ख्रिस्ती धर्मविचारांचा रविवारचा क्लास, विषय: देव काळाच्या बाहेर आहे का (५ पैकी ४ स्टार)

मी ख्रिश्चन नाही, फिलॉसॉफीची आवड म्हणून नाव घातलं. प्रवचन ऐकायला मिळेल असं समजून जाणार असाल तर कंटाळाल, आणि कोणी धर्म बदलायला लावेल अशी धास्ती असेल तर तसलं काहीच नाही, सर रिटायर्ड प्रोफेसर आहेत, फळा आणि खडू मिळाला की बास.

सुरुवात ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंतापासून. जग बनवायच्या आधी देव काय करत होता असं तेव्हाही लोक विचारायचे, आणि त्यावर एक ठेवणीतला जोक होता की असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक बांधत होता. ऑगस्टीन म्हणतो मी असं उत्तर देणार नाही, काळसुद्धा देवानेच केला ना, मग त्याच्या 'आधी' असं काही नव्हतंच. साधारण ४०० सालचं लिखाण हे! मी आपला समजत होतो की असला विचार बिग बँगनंतरच कोणाला सुचला असेल.

खरा रंग भरतो बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाला. माणूस तुरुंगात, पुढे मृत्युदंड (५२४ च्या सुमारास), आणि डोक्यात काय तर देवाला उद्याचं सगळं आधीच माहीत असेल तर मी माझ्या मर्जीने वागतो असं कसं म्हणायचं. त्याचं म्हणणं, देव 'आधी' जाणतच नाही, त्याच्यासमोर सगळा काळ एकदम आहे, आणि नुसतं बघितल्याने कोणावर जबरदस्ती होत नाही. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने याला उंचावरून अख्खा रस्ता बघणाऱ्याचा दाखला दिलाय, सरांनी त्याचा थेट पारसिकचा डोंगर केला, वरून पुढची मागची लोकल एकदम दिसते आणि बोगद्यात उभ्या असलेल्याला फक्त समोरच्याची पाठ. हॉल हसला. पण मागच्या रांगेतल्या एका मुलीने बरोबर पकडलं, म्हणाली सर वरून सगळ्या गाड्या दिसतील हो, पण ज्याला 'आत्ता'च नाही त्याला आत्ता कुठली गाडी फलाटावर लागलीये ते कसं कळणार? आर्थर प्रायर या तर्कशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हाच मुद्दा काढलेला, सर एवढे खूश झाले की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

एका काकूंनी विचारलं की देवाला सगळं दिसतंय तर मग बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायचं कशाला. सर म्हणाले, अक्वायनसच्या मते प्रार्थना देवाचा बेत बदलायला नसते, काही गोष्टी प्रार्थनेतूनच द्यायच्या हाच त्याचा बेत असतो. काकूंना पटलं, मला अर्धवट.

दुसरी बाजू लपवत नाहीत हे सगळ्यात आवडलं. बायबलमधल्या योनाच्या पुस्तकात देव निनवे शहरावरचं संकट मागे घेतो, उत्पत्तीच्या पुस्तकात माणूस निर्माण केल्याचं त्याला दुःख होतं, मग काळाबाहेरचा देव आधी एक ठरवून नंतर दुसरं कसं करेल? वॉल्टरस्टॉर्फ या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये अशाच वचनांवर बोट ठेवून म्हटलं की देवाला आदि-अंत नाही, पण तो काळाच्या आतच आहे. क्रेग हा दुसरा अमेरिकन तत्त्वज्ञ म्हणतो देव निर्मितीशिवाय काळाबाहेर, निर्मिती झाल्यापासून काळात. मला हे दोन्ही डगरींवर हात वाटतं, पण शेजारचा इंजिनीअर मुलगा त्यावर फिदा होता.

आता एक स्टार का कापला. येशू बेथलेहेमात जन्मतो, मोठा होतो, रोमन सुभेदार पिलाताच्या अमदानीत क्रुसावर मरतो, म्हणजे ज्याला आधी-नंतर नाही असं म्हणता तो आधी बाळ आणि नंतर मोठा. सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि तो आला कधी तर हॉल रिकामा करायच्या वेळी! ४५१ च्या कॅल्सिडनच्या चर्च परिषदेचं 'एक व्यक्ती, दोन स्वभाव' (म्हणजे येशू पूर्ण देवही आणि पूर्ण माणूसही) हे उत्तर उभ्या उभ्या उरकलं, तोवर पंखे बंद आणि अर्धे लोक चपला शोधतायत. याला वेगळा रविवार द्या, फी वाढवली तरी चालेल.

नोट्स स्वच्छ मराठीत मिळतात, चहा फिका असतो, पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत या.