मागणारं बोट, दाखवणारं बोट

साधारण 9 ते 14 महिन्यांच्या दरम्यान बाळ बोट दाखवू लागतं. पण बिस्किटांच्या डब्याकडे केलेलं बोट वेगळं आणि खिडकीतल्या चिऊकडे केलेलं वेगळं. 1975 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ बेट्स आणि सहकाऱ्यांनी हा फरक नेमका मांडला.

मागणारं बोट सोपं. बिस्किट हातात पडलं की काम झालं.

दाखवणारं बोट मला जास्त मोलाचं वाटतं. बाळाला चिऊ नको असते, तुम्हीही ती पाहावी एवढंच हवं असतं. म्हणून ते आधी चिऊकडे आणि मग वळून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. तेव्हा नुसतं ‘हं’ करू नका. ‘हो रे, चिऊ! भुर्रकन उडाली बघ!’ म्हणा, शब्द तिथेच रुजतात. दीड वर्षाचं झालं तरी बाळ असं काहीच दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी नक्की बोला.