बायबलमधलं रोजचं वचन देणारं ॲप: सकाळसाठी छान, कठीण काळासाठी अर्धवट (3 स्टार)

बरेच महिने हे ॲप वापरतेय, आणि त्यातला बराचसा काळ आईच्या आजारपणात गेला, त्यामुळे रिव्ह्यूसुद्धा त्याच नजरेने लिहिलाय. नाव मुद्दाम टाकत नाही, या प्रकारची जी काही ॲप्स बघितली ती सगळी एकाच साच्यातली आहेत. रोज सकाळी एक वचन, मागे डोंगर नाहीतर सूर्योदय, खाली शेअरचं बटण. अक्षर मोठं आहे, जोडाक्षरं फुटत नाहीत, आणि मराठी ॲपमध्ये एवढंही कधीकधी नशिबात नसतं म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता 'कठीण काळ' हा विभाग, ज्याच्यासाठी मी डाउनलोड केलं. पहिलंच कार्ड यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत ते. वचनावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण ते कोणाला लिहिलंय हे कार्डावर कुठेच नाही. यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र आहे ते, आणि लगेच आधीच्या ओळीत सरळ सांगितलंय की 70 वर्षं लागतील, म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले कितीतरी जण घरी परत येणारच नव्हते. त्याच्याच आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत सुटलाय की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, आणि तो खोटा निघतो. ॲपने 70 वर्षं कापून टाकली आणि यिर्मयाचं वचन हनन्याच्या तोंडी घातलं! बरं, त्याच पत्रात घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा असंही आहे. दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्याला हेच जास्त धरून ठेवतं, की सुटका होईपर्यंत थांबू नकोस, आहेस तिथेच जग, देव तिथेही आहे. त्याचं कार्ड नाही.

बायबलमधल्याच विलापगीताचं पण तेच केलंय. दया रोज सकाळी नवी होते हे 3:22-23 सूर्योदयाच्या फोटोवर छापलंय, पण हेच लिहिणारा माणूस थोडं आधी म्हणतोय की देवाने माझे दात खड्यांनी फोडले. एवढं बोलून झाल्यावर तो दयेवर येतो, म्हणून तर त्याचं ऐकावंसं वाटतं ना.

सगळ्यात खटकली ती प्रार्थनेची यादी. विनंती लिहायची आणि मग दोनच पर्याय, 'चालू' आणि 'उत्तर मिळालं'. उत्तर मिळालं दाबलं की स्क्रीनवर रंगीत कागद उडतात. आता प्रेषित पौलाचं काय करायचं? शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, उत्तर मिळालं, पण काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच. कागद उडवायचे की नाही? आणि विनंती सेव्ह केली की लगेच एक मेसेज उगवतो, काळजी करू नका, देवाची वेळ योग्यच असते. मुलंबाळं, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, ॲपला सात सेकंद दम निघत नाही. (ते मित्र पुढे बोलायला लागले आणि देवाने त्यांना काय सुनावलं ते ईयोब 42 मध्ये आहे, डेव्हलपरने जरूर वाचावं.)

स्ट्रीकबद्दल, म्हणजे सलग किती दिवस ॲप उघडलं त्या मोजणीबद्दल, फार लिहित नाही. एक दिवस चुकला की शून्य, म्हणजे ज्या रात्री माणूस आयसीयूच्या बाहेर बसलाय नेमकी त्याच रात्री तो अविश्वासू ठरतो. सेटिंगमध्ये बंद होते, करून टाका.

मग 3 स्टार कशाला, तर ऑडिओसाठी. पूर्ण अध्याय ऐकायचं बटण अगदी तळाशी लपवलंय पण वाचन उत्तम आहे, घाई नाही, नाटकी सूर नाही. मागचं बासरीचं म्युझिक मात्र आधी बंद करा. मी स्तोत्र 88 लावलं होतं. सुरुवात माझ्या तारणाऱ्या देवा अशी आणि शेवट अंधारात, मध्ये कुठेच सगळं ठीक झालं असं नाही, आणि तरी पूर्ण वेळ बोलणं देवाशीच चाललंय. 150 स्तोत्रांमधली साधारण एक तृतीयांश अशी तक्रारीची, रडण्याची आहेत आणि वधस्तंभावर प्रभू येशूच्या ओठांवर आलं ते स्तोत्र 22 पण त्यातलंच, तरी 'कठीण काळ' विभागात यातलं एकही नाही. मला त्या दिवसांत विश्वास ठेवता आला तो स्तोत्र 88 सारख्यांमुळे, कारण तक्रार करणं म्हणजे विश्वास सोडणं नाही हे तिथे दिसतं.

डेव्हलपरला दोनच विनंत्या. यादीत 'अजून वाट बघतेय' असं तिसरं बटण द्या, त्याला कागद वगैरे काही नको. आणि पूर्ण अध्याय ऑफलाइन चालतील असं करा, वॉर्डात नेटवर्क नसतं.