पार्किंग ब्रेक आपोआप लागतो पण बटनानं लागत नाही : १५ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी २०२४ च्या दसऱ्याला घेतली, ऑटोमॅटिक, पेट्रोल, टॉपच्या एक खालचं मॉडेल, आता २१ हजार किलोमीटर झाले. मायलेज, डिक्की, इंजिन यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, मी परत लिहीत नाही. एसी आमच्या इकडच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत टिकला, सस्पेन्शन शेतरस्त्याला ठीक आहे, बस. मला बोलायचंय ते गिअरच्या मागं असलेल्या बोटभर बटनाबद्दल, हँडब्रेकच्या दांड्याऐवजी आलेलं इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचं बटन, कारण त्या एका बटनापायी माझ्याकडून ३८,७०० रुपये काढायची तयारी झाली होती.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सालबर्डीला गेलो, मोर्शी तालुक्यातलेच आम्ही, श्रावणात एक चक्कर होतेच. तिथं गाडी चढावर लावली, पाय ब्रेकवर, बटन वर ओढलं, गिअर पी मध्ये टाकला आणि पाय काढला. नेहमी बटन ओढलं की मागच्या दोन्ही चाकांतून दीड-दोन सेकंद घूंऽऽ असा मोटरचा आवाज येतो आणि डॅशवर गोलातला लाल पी लागतो. त्या दिवशी आवाज नाही, लाल पी नाही, उलट पिवळा दिवा आणि 'पार्किंग ब्रेकमध्ये बिघाड, सर्व्हिस करा' असा मेसेज. गाडी चार बोटं मागं सरकली आणि गिअरबॉक्सच्या लॉकवर धपकन अडकली. आई मागच्या दारातून एक पाय खाली ठेवून उतरत होती. तिला काही झालं नाही, पण माझ्या हातापायातलं बळच गेलं. पुतण्यानं धावत जाऊन चाकामागं दगड लावला. मग मी इंजिन बंद केलं तर घूंऽऽ आवाज आला आणि ब्रेक आपोआप लागला! माझ्या गाडीत इंजिन बंद केलं की तो स्वतःहून लागतो. त्या दिवशी याचा अर्थ मला कळला नाही, पण सगळं निदान तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला सर्व्हिस सेंटरला गेलो. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, पेट्रोल माझं, दिवस माझा. त्यांनी गाडी तीन तास ठेवली आणि एस्टिमेट हातात दिलं : मागचे दोन्ही कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड आवळणारा भाग) मोटरसकट आणि बटन, मजुरी धरून ३८,७००. मी म्हटलं गाडी वॉरंटीत आहे. तर म्हणे बटनावर काहीतरी सांडलंय, लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं माझ्या गाडीत काही सांडलेलं नाही, आणि सांडलं असेल तर बटनावर सांडेल, मागच्या चाकात कसं जाईल? अन् इंजिन बंद केलं की ब्रेक आपोआप लागतो म्हणजे मोटर चालतात ना? त्यावर उत्तर, "सर, सिस्टम एकच असते." आवाज चढला माझा, खोटं कशाला सांगू. गाडी तशीच घेऊन परत आलो.

घरी येऊन चार-पाच रात्री हे सगळं वाचत बसलो, मोबाईलवर, डोळे लाल होईस्तोवर. समजलं ते सांगतो. जुन्या हँडब्रेकमध्ये आपला हात केबल ओढायचा. यात काही गाड्यांत एक मोटर केबल ओढते, आणि माझ्यासारख्या बऱ्याच गाड्यांत मागच्या प्रत्येक कॅलिपरवर एकेक छोटी मोटर बसवलेली असते, ती पिस्टन दाबून पॅड डिस्कला आवळते. बटनातून त्या मोटरचा करंट जातच नाही. बटन फक्त कंट्रोल युनिटला, म्हणजे ब्रेकच्या कॉम्प्युटरला, इशारा देतं, मोटर चालवायचं काम युनिट करतं. आणि हा इशारा चुकू नये म्हणून बटनात एकाऐवजी जास्त कॉन्टॅक्ट असतात, युनिट ते एकमेकांशी ताडून पाहतं. एक म्हणतो 'ओढलं' आणि दुसरा म्हणतो 'नाही ओढलं', असं झालं की युनिट कोणावरच विश्वास ठेवत नाही, ब्रेक आहे तसा ठेवतं आणि बिघाड दाखवतं. त्यातून इशाऱ्याचा करंट एवढासा, म्हणून कॉन्टॅक्टवर जरासा मळ बसला तरी अडतो.

म्हणजे आपोआप लागतो, आपोआप सुटतो, दोन्ही चाकांतून आवाज येतो, पण बटनानं लागत नाही, तर मोटर, कॅलिपर आणि युनिट बहुतेक ठीक आहेत, संशय बटनावर किंवा बटनाच्या तारेवर. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, एस्टिमेटवर सही करायच्या आधी.

मोर्शीत एक वायरिंगवाला आहे, ट्रॅक्टरपासून सगळं करतो, स्कॅनरही चांगला ठेवतो. त्याच्याकडे नेली. मी आधी ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी (गाडीला लावून बिघाडाचे कोड मोबाईलवर वाचायचा डबा) लावून पाहिला होता, त्यात काहीच आलं नाही, कारण ते बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात, ब्रेकच्या युनिटपर्यंत जात नाहीत. त्यानं बटनाला हातच लावला नाही आधी. "भाऊ, पयले बॅटरी पाहू. बॅटरी मरेल असली तं हे कॉम्प्युटर कायचेबी कोड फेकते." बंद गाडीत १२.५ व्होल्ट, चालू गाडीत १४.२, म्हणजे बॅटरी बरी. मग मला ब्रेक पेडल दाबायला लावलं आणि मागं जाऊन लाल लाइट लागतात का पाहिलं. हे का, तर पार्किंग ब्रेक बटनानं सोडताना पायाचा ब्रेक दाबलेला लागतो, आणि पेडलजवळचा तो छोटा स्विच खराब असला तर ब्रेक सुटतच नाही, लोक फुकट पार्किंगचं बटन बदलत बसतात. मग फ्यूज. मग स्कॅनर. सी अक्षरानं सुरू होणारा एकच कोड होता, बटनाचा सिग्नल जुळत नाही असा. मोटरचा एकही कोड नाही. अमरावतीत हाच कोड दिसला असेल ना?

त्यानं कोड पुसला आणि लाइव्ह डेटा लावून मला म्हणे, "वढा, सोडा, दाबा, सोडा." स्क्रीनवर दर वेळी स्थिती बदलायला पाहिजे होती, पण ओढल्यावर कधी बदलायची कधी नाही. दाबताना दर वेळी बरोबर. तार हलवून पाहिली, काही फरक नाही. उंदरानं कुरतडली असेल असं मला वाटत होतं, शेतात उभी राहते गाडी, पण तार शाबूत निघाली.

मग चाकांना दगड लावले, इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबला. कारण कन्सोलच्या खालीच बहुतेक गाड्यांत एअरबॅगचं युनिट असतं, तिथं चालू गाडीत ठोकपीट करायची नसते. बटन बाहेर काढलं, माझ्या गाडीत त्याला सहा तारा. मीटर बीपवर ठेवला, म्हणजे आतला कॉन्टॅक्ट जुळला की वाजतो, दोन पिन धरल्या आणि बटन माझ्या हातात दिलं. ओढलं, बीप. ओढलं, बीप. सातव्यांदा ओढलं आणि बीप नाही. आठव्यांदा बीप. अकराव्यांदा परत नाही. बाजूच्या जोडीवर वीसपैकी वीस बीप. मग ओहमवर घेतलं, चांगली जोडी ०.३ वर स्थिर, खराब जोडी कधी ४०, कधी २००, कधी मीटर काहीच दाखवत नाही. दुकानात ट्रॅक्टरचा आवाज चालू होता आणि आम्ही दोघं खाली मान घालून त्या बीपकडे कान लावून बसलो होतो. (काही गाड्यांच्या बटनात रेझिस्टर असतात किंवा ते डिजिटल सिग्नल पाठवतं, तिथं बीपवर जाऊ नका, लाइव्ह डेटाच पाहा.)

आता इथं माझं मत बदललं, तेही लिहितो. बटनाची वरची टोपी काढली तर कडेला पिवळट चिकट ओघळ वाळलेला, त्यावर कापसाची रुई आणि धूळ बसून मेणासारखं झालेलं. पुतण्याला समोर बसवून विचारलं तर म्हणे, "काका, लिंबू सरबत सांडलं होतं थोडंसं, मी पुसलं होतं ना." म्हणजे सांडलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्याशी त्या मुद्द्यावर मी चुकीचा भांडलो, आणि हे मी त्यांना फोन करून सांगितलंसुद्धा. पण सरबत बटनात गेलं म्हणून कॅलिपर बदला, हे आजही मला मान्य नाही.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ केलं, परत वीस बीप मोजले, सगळे आले. घेतले ४०० रुपये. मी इतका खूश होतो की तिथंच ठरवलं सगळ्यांना सांगायचं, बटन बदलू नका, साफ करा. बरं झालं तेव्हा लिहिलं नाही. पाच-सहा आठवड्यांनी आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला आला, बगीच्यात कॅरेट भरताना परत तोच पिवळा दिवा. कॉन्टॅक्टवरचा वरचा थर गेलेला होता, साफ करून वेळ निघाली, पण खराब झालेला कॉन्टॅक्ट परत नवा होत नाही. म्हणून आता माझं सांगणं असं : साफ करून पाहा, पण तो निदान पक्कं करायचा मार्ग समजा. साफ केल्यावर बिघाड गेला म्हणजे दोषी बटनच आहे, मग नवीन टाका. मला नवीन ओरिजिनल बटन २,९५० ला पडलं, बसवायचे वायरिंगवाल्यानं २०० घेतले. ३८,७०० कुठं आणि ३,५५० कुठं.

कोणी म्हणेल एवढ्याशा बटनाचं काय घेऊन बसले, पी मध्ये टाका, इंजिन बंद करा, लागतोच ना. पण चालत्या गाडीत पायाचा ब्रेक दगा देईल तेव्हा हेच बटन ओढून धरायचं असतं, बहुतेक गाड्यांत मग एबीएसचं युनिट चारही चाकांना ब्रेक लावतं. बटन मेलेलं असेल तर तो शेवटचा आधारही गेला.

पूर्वी मी म्हणायचो जुना दांडाच बरा. आता तसं म्हणत नाही. ऑटो होल्डमुळं (गाडी थांबली की पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) रेल्वे फाटकावर आणि बाजार समितीच्या लाइनीत पायाला फार आराम आहे, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तरी ते आता गाडी चालवतात, ते याच्याचमुळं. दोन गोष्टी मात्र पाळा. मागचे पॅड बदलताना स्कॅनरनं मेंटेनन्स मोड लावून पिस्टन मागं घ्यायला सांगा, कोणी पक्कड लावून दाबत असेल तर हात धरा त्याचा, मोटरचा गिअर तुटतो आणि मग खरंच कॅलिपर बदलावा लागतो. आणि कपहोल्डरमध्ये उघडा ग्लास ठेवू देऊ नका, आमच्या गाडीत आता झाकणाची बाटलीच.

नवीन बटन टाकून दोन महिने झाले, एकदाही दिवा लागला नाही. जुनं बटन ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलंय, पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवायला. आई अजून मागचं दार उघडून बसून राहते आणि विचारते, "लागला काय रे बिरेक? उतरू का?" मी काच खाली करतो, बटन ओढतो, आणि मागून घूंऽऽ आलं की तीच म्हणते, "हाव, लागला."