सीडी लिहितो, डीव्हीडी लिहीत नाही: एका रायटरचे सात महिने

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना शेवटपर्यंत जायला नको. कॅबिनेटमध्ये बसवायचा, साटा केबलवर (मदरबोर्डला जोडणारी डेटाची केबल) चालणारा हा डीव्हीडी रायटर, म्हणजे डिस्क वाचणारा आणि लिहिणारा ड्राइव्ह, वाचायला उत्तम आहे, ट्रे भक्कम, आवाज बेताचा. पण माझ्याकडे आलेल्या पहिल्या नगाने पाचव्या महिन्यात डीव्हीडी लिहिणं सोडून दिलं. वॉरंटीत बदलून मिळालेला दुसरा नग दोन महिने बिनतक्रार चालतोय. पाचपैकी साडेतीन तारे. असा बिघाड कुठल्याही कंपनीच्या रायटरला होतो, म्हणून नाव बाजूला ठेवते आणि तो शोधला कसा, तेच सविस्तर लिहिते. माझे त्यात दहा दिवस गेले. तुमचे एका संध्याकाळीत भागावे.

मला रायटर लागतो तो आईसाठी. आई शिक्षिका होती. आम्हा तिघी बहिणींना ती रात्री मोठ्याने वाचून दाखवायची आणि वडील टेपरेकॉर्डर लावून ठेवायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली, मागे २३ कॅसेट राहिल्या. त्या एकेक करून मी कॉम्प्युटरवर उतरवत होते. साठ मिनिटांची कॅसेट वेव्ह फाइलमध्ये (आवाज न आवळता साठवणारी फाइल) घेतली की साधारण ६०० एमबी होते, म्हणजे एका डीव्हीडीवर सात कॅसेट बसतात. (पाकिटावर ४.७ जीबी आणि विंडोजमध्ये ४.३८ दिसलं तर घाबरू नका. डिस्कवाले हजाराच्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४ च्या.) चार डिस्क, त्यांच्या तीन-तीन प्रती, तिघी बहिणींना एकेक संच. हार्ड डिस्कवर सगळं आहेच, पण चुकून पुसली जाणार नाही, कुणी वर दुसरं काही लिहू शकणार नाही अशी एक प्रत प्रत्येकीच्या कपाटात असावी, असं मला मनापासून वाटत होतं.

पहिले चार महिने हा रायटर फार छान चालला. ट्रे न अडखळता बाहेर येतो आणि डिस्क ठेवताना हलत नाही. ओरखडे पडलेल्या जुन्या सीडी, ज्या आधीच्या ड्राइव्हने नाकारल्या होत्या, त्या यानं संथपणे का होईना पूर्ण वाचल्या. १६ एक्सला, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सोळा पटीने, लिहिताना शेवटी शेवटी घरघर वाढते, ते साहजिक आहे. त्या वेगाला डिस्क मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेऱ्या घेत असते. मी आठ एक्सलाच लिहिते. भरलेल्या डिस्कला आठ-नऊ मिनिटं लागतात, दोन-तीन मिनिटं वाचवण्यासाठी आईच्या आवाजाशी खेळ नको. कॉम्प्युटर मधेच दुसऱ्या कामात अडकला तर लेझर थांबून पुन्हा तिथूनच सुरू होतो, त्यामुळे मधेच डेटा तुटला म्हणून डिस्क वाया गेली, असं एकदाही झालं नाही. पहिल्या तीन डिस्क, तीन-तीन प्रती, अशा नऊ लिहून झाल्या.

चौथ्या डिस्कला गाडी अडली. उरलेल्या दोन कॅसेट आणि आईचे फोटो एवढाच मजकूर होता. मी इमगबर्न वापरते. डिस्क लिहिण्याचा जुना प्रोग्राम आहे, शेवटची आवृत्ती २०१३ ची, पण रायटरशी काय बोलणं चाललंय ते तो ओळीओळीने लिहून ठेवतो. म्हणूनच मला तो सगळ्यांत विश्वासाचा वाटतो. राइटचं बटण दाबलं, डिस्कने वेग घेतला, थांबली, पुन्हा वेग घेतला. असं तीनदा झालं आणि समोर आलं: पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर.

याचा अर्थ असा. लिहायला सुरुवात करण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या कडेला, त्यासाठीच राखून ठेवलेल्या पट्टीवर, लेझर कमीजास्त करत थोडं लिहून बघतो. लिहिलेलं परत वाचतो आणि त्यावरून या डिस्कला किती जोर लावायचा ते ठरवतो. ती चाचणीच फसली तर पुढे काही होत नाही. डिस्क काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. जांभळट झाक असलेला सगळा पृष्ठभाग कोरा, फक्त मधल्या भोकाजवळ केसाइतकी बारीक गडद रेघ. लिहिलेल्या डिस्कवर तिथून बाहेरपर्यंत रुंद गडद पट्टा दिसतो. ही इथेच अडली होती.

चाचणी का फसते? डिस्क खराब, लेन्सवर धूळ, वीज अपुरी किंवा लेझर थकलेला. मुख्य कारणं ही, पण एकेक बाद करावं लागतं.

सुरुवात डिस्कपासून केली. त्याच डब्यातल्या आणखी दोन डिस्क लावल्या, तेच. मग वेगळ्या नावाचं नवं पाकीट आणलं. तेच. आता डिस्कचा दोष नाही असं धरून मी पुढे निघाले होते. दोन दिवसांनी इमगबर्नची नोंद पुन्हा वाचताना लक्षात आलं की दोन्ही पाकिटांतल्या डिस्कचा उत्पादक कोड अक्षर न अक्षर एकच आहे. कोऱ्या डिस्कवर तिच्या निर्मात्याचा कोड आधीच कोरलेला असतो आणि पाकिटावरच्या नावाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. एकच कारखाना चार नावांसाठी माल काढतो. म्हणजे मी 'वेगळी डिस्क' म्हणून तीच डिस्क तपासत होते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते, म्हणून इथे ठासून सांगते: पाकीट बदललं म्हणजे डिस्क बदलली असं धरू नका, कोड बघा. इमगबर्नमध्ये कोरी डिस्क घातली की उजव्या बाजूच्या माहितीत डिस्क आयडी दिसतो. मग मुद्दाम वर्बॅटिमच्या आणल्या, कोड एमसीसीने सुरू होणारा. त्यांनाही तीच एरर आली. आता डिस्क खरोखर बाद.

याच टप्प्यावर एक गोष्ट सुचली आणि तिनेच पुढची दिशा दिली. कपाटात एक कोरी सीडी होती. ती लावली तर झटक्यात लिहिली गेली, व्हेरिफायही झाली, म्हणजे लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलशी जुळलं. आणि विकत घेतलेल्या डीव्हीडी नीट वाचल्या जात होत्या. असं कसं? तर रायटरमध्ये लेझर दोन असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. लेन्स एकच, उगम वेगळे. शिवाय वाचायला लागणारा जोर लिहिण्याच्या मानाने फारच थोडा. लाल लेझर थकला की तो वाचू शकतो, पण लिहायला जोर पुरत नाही. लेन्सवर धुळीचा थर असता तर थोडाफार त्रास सीडीलाही झाला असता. त्यामुळे माझा संशय त्या लाल लेझरवर पक्का होत चालला.

तरी खात्री हवी होती. वाटलं, डिस्क लिहिणारे दोन प्रोग्राम एकमेकांत अडकले असतील, म्हणून कॉम्प्युटरवर असलेला एक जुना प्रोग्राम काढून टाकला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. रायटर 'धिस पीसी'मधून गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजची उपकरणांची यादी) पिवळा त्रिकोण, एरर कोड १९. हा दोष रायटरचा नव्हता, हे रिव्ह्यूमध्ये नमूद करायलाच हवं, कारण या एका गोष्टीपायी लोक चांगले रायटर परत करतात. असे प्रोग्राम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे, अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नावाच्या नोंदी करतात आणि जाताना त्या मागे ठेवून जातात. विंडोज त्या नोंदीतली फाइल शोधतं, ती सापडत नाही, आणि ड्राइव्ह सुरूच होत नाही. रजिस्ट्रीमध्ये डीव्हीडी-सीडीरॉम ड्राइव्हच्या विभागातल्या या दोन नोंदी काढल्या आणि रीस्टार्ट केलं, रायटर परत हजर. काढण्याआधी तो विभाग एक्सपोर्ट करून ठेवा, आणि शेजारच्या विभागांतही याच नावाच्या नोंदी असतात, त्यांना हात लावू नका. कीबोर्ड-माउस त्यांच्यावर चालतात.

लेन्स साफ करा, असा सल्ला सगळे देतात. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेवरच असते, ब्लोअरची हवा मारता येते. कॅबिनेटमधल्या ड्राइव्हमध्ये ती खोल आत असते, खोललं तर वॉरंटीचं सील तुटतं. ब्रश चिकटवलेली साफसफाईची डिस्कही मी लावली नाही. लेन्स केसासारख्या तारांवर तरंगत असते, तिच्यावर फिरणारे ब्रश आपटावेत हे मला पटत नाही.

राहिली वीज आणि केबल. माझ्या रायटरला एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) एका फाट्यावरून स्प्लिटर लावून वीज दिली होती, त्याच फाट्यावर दोन हार्ड डिस्क. लिहिताना रायटर जास्त वीज ओढतो, म्हणून त्याला स्वतंत्र कनेक्टर दिला. साटा केबल नवी, क्लिपवाली लावली, मदरबोर्डवरचा पोर्ट बदलला. फर्मवेअर, म्हणजे रायटरच्या आतला प्रोग्राम, अद्ययावतच होतं. (फर्मवेअर तपासणं मात्र चुकवू नका. कोणत्या कोडच्या डिस्कवर कसं लिहायचं याची यादी त्यातच असते, आणि जुन्या रायटरला नवी डिस्क ओळखताच येत नाही तेव्हा उपाय तिथेच सापडतो.) काही फरक नाही.

शेवटी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, इतकं डोकं शिणवू नकोस. ड्राइव्ह काढून घेऊन ये, माझ्या मशीनला लावू. इथेही अडला तर तोच खराब." दोन स्क्रू एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे, पाच मिनिटांचं काम. तिचा मदरबोर्ड वेगळा, एसएमपीएस वेगळा, विंडोज वेगळं. वर्बॅटिमची डिस्क लावली. वेग घेतला, थांबला. वेग घेतला, थांबला. तीच एरर. मग तिचा स्वतःचा रायटर माझ्या कॅबिनेटमध्ये लावला, त्याच डब्यातली डिस्क पहिल्या झटक्यात लिहून झाली. ही अदलाबदल मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. घरात, शेजारी, ओळखीत दुसरा डेस्कटॉप असेल तर बाकीचं सगळं सोडून आधी हेच करा.

सर्व्हिस सेंटरबद्दल. फोनवरच्या मुलाने पहिल्यांदा सांगितलं, "मॅडम, विंडोज नव्याने टाकून बघा." मी त्याला शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या: दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर तीच एरर, तीन वेगळ्या कोडच्या डिस्कवर तीच एरर (तोवर तिसऱ्याही कारखान्याची एक लावून झाली होती), सीडी मात्र लिहिली जाते. इमगबर्नच्या नोंदीची फाइल मेलने पाठवली. त्यानंतर वाद झाला नाही. आठवड्याभरात बदली नग आला, दुरुस्त केलेला नव्हे, नवा. तक्रार एकच, डिस्क तपासून बघण्याआधीच विंडोज पुसायला सांगणं बरोबर नाही. ज्याला माहीत नाही तो बिचारा खरंच पुसून बसेल.

नव्या नगावर चौथी डिस्क पहिल्या प्रयत्नात झाली. पण मनात एक शंका राहिली होती. लेझर एका रात्रीत थकत नाही, मग शेवटी शेवटी लिहिलेल्या डिस्क कशा असतील? लिहिल्यावर व्हेरिफाय झाल्या होत्या, पण व्हेरिफाय एवढंच सांगतं की आज वाचता आलं. डिस्कवरच्या किती चुका दुरुस्त करून वाचता आलं, ते वेगळं मोजावं लागतं. हा रायटर ती मोजदाद करू देतो, सगळे देत नाहीत, आणि त्यासाठी मी त्याला अर्धा तारा जास्त दिलाय. नीरोच्या डिस्कस्पीड या तपासणीच्या प्रोग्रामने नऊही डिस्क तपासल्या. डीव्हीडीसाठी मर्यादा आहे लागोपाठ आठ ब्लॉकमध्ये (डेटाच्या तुकड्यांत) २८० चुका. पहिल्या सहा डिस्कचा आलेख कुठेही ४० च्या वर गेला नव्हता. तिसऱ्या डिस्कच्या तिन्ही प्रती बाहेरच्या कडेला २०० ओलांडत होत्या, एक तर ३१० वर टेकली होती. आज त्या वाजतात. थोडी झीज झाल्यावर, दोन ओरखडे पडल्यावर वाजल्या असत्या का, याचा भरवसा नव्हता. त्या डिस्कच्या शेवटच्या कॅसेटमध्ये आई वाचता वाचता थांबते आणि "झोपलीस का गं?" असं विचारते. ते माझ्यासाठी आहे, तेव्हा मी पाच वर्षांची होते.

तिन्ही प्रती हार्ड डिस्कवरून पुन्हा लिहिल्या, आठ एक्सला. नवे आलेख तिशीच्या आत आहेत. जुन्या तीन डिस्क फेकल्या नाहीत, पण त्यांच्यावर मार्करने फुली मारून वेगळ्या ठेवल्या आहेत. चौथ्या डिस्कच्या प्रती बहिणींकडे पोहोचल्या. नव्या रायटरची पुढची तपासणी सहा महिन्यांनी करणार आहे. काही बिघडलं तर तारे त्याप्रमाणे बदलीन.